ज्या नकाशात शिरड नव्हतं

हिंगोलीच्या स्टेशनवर बा मला सोडायला आला तेव्हा त्याला एकच काळजी. "हिरीत पवला म्हणून समुद्रात पवशील व्हय रं?" पाठीला डबा बांधून आमच्या शिरड गावच्या विहिरीत मला त्यानंच ढकललं होतं, पण समुद्राचा त्याला भरवसा नव्हता. समुद्र ना त्यानं पाहिला होता ना मी. गाडी आली तसं त्यानं तोंड फिरवलं अन् शेजारच्या माणसाशी हळदीच्या भावावर बोलत बसला. मला असा राग आला म्हणता! आता कळतं, डोळे भरले की माणूस काहीही बोलतो.

गावाकडच्यांनो, तुम्हाला अजून वाटतं मी नौदलात तोफा डागतो. कसल्या तोफा अन् कसलं काय! आमचं जहाज म्हणजे शाळा. नव्या ऑफिसरांना दर्यात वाट काढायला शिकवायचं. बांधतानाच त्याला दोन ब्रिज दिलेत. ब्रिज म्हणजे जहाज हाकायची खोली. पुढच्या ब्रिजवरून कॅप्टन खरं जहाज चालवतो. मागच्यावर शिकणारे असतात. ओळीनं टेबलं, प्रत्येकापुढं समुद्राचा नकाशा अन् पेन्सिल. सूर्य-तारे मोजून आपण कुठं आहोत ते काढायचं, वळायचा हुकूमही सोडायचा. पण पुढून होकार आल्याशिवाय जहाज तसूभर वळत नाही.

मी त्या मागच्या ब्रिजवर उभं राहून शिकवतो. घरातही माझं तेच झालं. बोअर कुठं पाडायचा, आईला कोणत्या दवाखान्यात न्यायचं, सगळे हुकूम मी फोनवरून सोडले. व्हायचं ते तिकडं आपल्या चालीनं झालं. आई गेली तेव्हा निदान जहाज बंदरात होतं, म्हणून पोचलो तरी.

मग बा एकटा राहिला. मी त्याला आमच्या जहाजाच्या बंदरावर, कोचीला आणलं, कायमचं. क्वार्टर चांगलं, पंखा, नळाला पाणी, बायको ज्वारीचं पीठ शोधून शोधून भाकरी करायची. तरी तो मासळीच्या वासानं नाकाला उपरणं लावून गॅलरीत बसायचा. कुणाशी बोलणार? इथं मल्याळम, अन् त्याला हिंदीसुद्धा हिंगोलीच्या बाजारापुरतीच.

त्याच सुमारास घरच्यांना जहाजावरून फिरवून आणायचा दिवस आला. बाला मी मुद्दाम माझ्या ब्रिजवर नेलं. तिथं जीपीएसच्या पडद्यावर कापड टाकलेलं होतं.

"हे काय?"

"जहाज कुठं आहे ते त्यात दिसतं, बा. शिकणाऱ्यांनी बघू नये म्हणून झाकलंय."

"ठावं असून झाकून काहून ठेवता? येड्यांचा बाजार हाय का?"

मी हसलो. मग तो नकाशावर वाकला. समुद्रात नुसते आकडे, खोलीचे. किनाऱ्यालगत दीपस्तंभ, डोंगरांचे माथे, धुराडी. आतली जमीन सगळी पिवळी, कोरी. त्यानं त्या पिवळ्यावरून बोट फिरवलं.

"ह्यात आपलं शिरड?"

"न्हाई, बा. समुद्रावरून दिसतं तेवढंच काढतात."

"हिंगोली?"

"हिंगोली बी न्हाई."

त्यानं पिवळ्यावरचं बोट काढून घेतलं. जमीन दिसेनाशी झाली तसा माझा हात घट्ट धरून बसला. उतरल्यावर म्हणाला, "मला गावाला सोडून ये. इथं मेलो तर मी कुठला ते कोणाला कळंल?" मी समजावलं, चिडलो, बायको रडली. म्हातारा हटला नाही. शेवटी त्याला शिरडला सोडून आलो.

पुढच्या उन्हाळ्यात आम्ही भर समुद्रात असताना निरोप आला. बा गेला. कॅप्टननं सॅटेलाइट फोन दिला. पलीकडं काका होता.

"कवा पोचतोस?"

"जवळचं बंदर परवा, काका."

"मंग न्हाई थांबवता येत, लेकरा. ऊन लई हाय. ज्ञानोबा देईल अग्नी." हा ज्ञानोबा म्हणजे काकाचा पोरगा. "तू अंगावरच्या कपड्यानिशी आंघोळ कर, गावाकडं तोंड कर, अन् वंजळभर पाणी सोड."

आंघोळ करून निथळत मागच्या डेकवर आलो. शिरड कोणत्या अंगाला हे मला कोणत्याही यंत्राशिवाय ठाऊक होतं. ईशान्येला तोंड केलं, बादलीतून ओंजळ भरली. तेवढ्यात भोंगा वाजला. माणूस पाण्यात पडल्याचा सराव. ह्यात एक बाहुला दर्यात टाकतात अन् त्याला उचलायला जहाज गरकन मागं वळवतात. त्या चिंध्यांच्या बाहुल्यासाठी आख्खं जहाज वळलं हो! माझ्या बासाठी वळायला काय कोणी अडवलं होतं? पण कामगिरीवरचं जहाज एकाच्या घरच्यासाठी वळत नसतं, हे मीच तर शिकवतो.

ते गोल फिरत होतं अन् मी डेकवर पावलं सरकवत उलटा फिरत होतो, ईशान्य सुटू नये म्हणून. तोवर ओंजळ गळून गेली. बाहुला वर आला, शिकणाऱ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी पुन्हा पाणी घेतलं अन् सोडलं.

शिरडच्या घराला आता कुलूप आहे. घर कुठलं असं कोणी विचारलं तर मी शिरडच सांगतो. पण खरं सांगायचं तर आता माझं घर तेवढंच उरलंय: पाणी सोडताना जिकडं तोंड करायचं, ती बाजू.