वाकलेला खांब

बियाण्यांच्या गोदामात मी स्टोअर सांभाळायचो, तेव्हाची गोष्ट. जास्त माल मावावा म्हणून मालकांनी मधल्या वाटा बंद करून छताला भिडणारे लोखंडी रॅक बसवले होते. फोर्कलिफ्ट थेट रॅकच्या पोटात, एकेका गाळ्यात शिरायची आणि मक्याची पोती रचलेली लाकडी पॅलेटं एकामागे एक लावत मागे यायची.

एका सकाळी फोर्कलिफ्ट चालवणारे मामा माझ्या टेबलाशी आले. वाटूरचे, माझ्याहून वडील, मोजकं बोलणारे.

"साहेब, तिसऱ्या गाळ्यातला खांब वाकून राह्यला. मी आत जात न्हाई."

जाऊन पाहिलं. आदल्या पाळीत कुणाच्या तरी गाडीची ठोकर बसली असणार. गुडघ्याइतक्या उंचीवर खांबाला पोक आलं होतं, आणि वर चार थर पोती. मी मॅनेजरला लेखी दिलं. "पेरणी तोंडावर आलीय, सीझन झाला की बदलू," ते म्हणाले. दोन दिवसांनी माणूस आला तो डबा-ब्रश घेऊन. खांबाला पिवळा रंग फासून गेला! माझं डोकंच फिरलं. मी गाळ्याच्या तोंडाशी दोरी बांधली. मॅनेजरनी ती सोडली आणि सगळ्या हमालांदेखत मामांना, वडिलांच्या वयाच्या माणसाला, ते म्हणाले, "भीती वाटत असेल तर घरी बस."

मामांनी फोर्कलिफ्टची चावी काढून त्यांच्या हातावर ठेवली. "बसतो. पन आत न्हाई जाणार."

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत तो गाळा कोसळला. आम्ही डबे टाकून धावलो. धुरळ्यात काही दिसेना. मी एकेका हमालाला हाक मारत सुटलो. सगळे बाहेर होते. लोखंड मात्र उसासारखं मुरगळलं होतं.

संध्याकाळी माझ्यापुढे कागद आला: चालकाच्या निष्काळजीपणामुळे नुकसान. साक्षीदार म्हणून सही मी करायची! ज्या माणसानं आत जायला नकार दिला, त्याच्याच माथी?

"ह्याच्यावर माझी सही होणार न्हाई," मी म्हणालो, आणि माझ्या पत्राची प्रत घेऊन थेट मालकांच्या घरी गेलो.

मामांवरचा ठपका निघाला. त्यांना परत बोलावलं, पण ते आले नाहीत. एका स्टीलच्या कारखान्यात लागले. मॅनेजर त्याच खुर्चीत राहिले. माफीचा एक शब्द कुणी काढला नाही. महिनाभरात मीही राजीनामा दिला. आजही ते 'घरी बस' आठवलं की मस्तकात तिडीक उठते.