डॉक्टर थोडी उजळ कर ना

मंडळी, आज डोकं जाम फिरलंय.

मी एका मासिकासाठी माहिती समजावणारे छोटे ॲनिमेशन व्हिडिओ बनवते. आजचा विषय होता डायबेटिस. व्हिडिओत दोनच बायका आहेत, एक डॉक्टर आणि एक पेशंट. आईच्या हाताचा फोटो काढला, त्यातला सावळा रंग उचलला आणि दोघींना तोच दिला. मुलुंडमधल्या आमच्या डॉक्टरही अशाच दिसतात.

दुपारी संपादक मॅडमचा फोन आला.

"झकास झालाय गं! फक्त ती डॉक्टर जरा फ्रेश दिसू दे ना."

"फ्रेश म्हणजे?"

"म्हणजे... थोडी उजळ कर."

"आणि पेशंट?"

"ती ओके आहे."

"मॅडम, दोघींचा रंग एकच आहे."

मग म्हणाल्या, "अगं, लोकांना सवय नसते."

"मग लावूया ना सवय!"

मी रंग बदलला नाही. फाइल तशीच पाठवली आणि खाली लिहिलं, डॉक्टर गोरी केलीत तर व्हिडिओवरून माझं नाव काढा. अजून उत्तर नाही. नसू दे.

तुम्ही एक करा. घरातल्या खडूंच्या डब्यातून पोरं ज्याला 'स्किन कलर' म्हणतात तो खडू काढा आणि हाताशेजारी धरा.

घरात कुणाशी तरी जुळतो का?