रामटेकेजींचा सातवा डबा

शंकरराव रामटेके कुणाच्याही घरी गेले की आधी खुर्चीच्या खाली वाकून बघत आणि मगच बसत. नातीच्या प्रवेशासाठी ते आमच्या शाळेत पहिल्यांदा आले तेव्हाही त्यांनी हेच केलं. मी मुख्याध्यापिकेच्या जागेवर, हातात फॉर्म, आणि समोर हा सत्तरीला टेकलेला उंच, काटकुळा माणूस खुर्चीखाली डोकं घालून वाकलेला. मला वाटलं, त्यांचं काही पडलं असेल. वर येऊन ते म्हणाले, "मागचा डावा पाय सुटून राह्यला, मॅडम. एखाद्या दिवशी कोणी पालक पडन." पाय खरंच सुटला होता. मी सहा वर्षं त्या खुर्चीवर लोकांना बसवत आले होते.

छोट्या लाइनवर, म्हणजे नॅरोगेजवर, पस्तीस वर्षं त्यांनी मालगाडीचे डबे तपासले होते. गाडी लागली की हातात हातोडी घेऊन एकेका डब्याखाली वाकायचं, चाकावर ठोकून आवाज ऐकायचा, आणि डबा धावण्यालायक नसेल तर त्यावर खडूने 'सिक' लिहायचं. रेल्वेत बिघडलेल्या डब्याला सिक म्हणतात. हा शब्द त्यांच्या बोलण्यात इतका मुरला होता की गावातला रस्ता, शेजाऱ्याची मोटरसायकल, दुकानातला तराजू, सगळं त्यांच्या लेखी एक तर ठीक असे, नाहीतर सिक. "वरून सारेच डबे बरे दिसतेत," ते म्हणत. "खाली वाका लागते."

आमचं गाव हिंदी मुलखातलं, त्यामुळे शाळेत सगळा कारभार हिंदीतून. माझं माहेर रामपायलीचं, घरातलं बोलणं मराठी, म्हणून शाळेत कुणी मराठी बोलणारं भेटलं की मला बरं वाटे. नातीला घ्यायला आले की ते दहा मिनिटं माझ्याशी बोलत उभे राहत. त्यातूनच मला त्यांच्या डब्यांचं कळलं.

छोटी लाइन बंद झाली, रूळ उखडायला लागले, तेव्हा आडबाजूच्या रुळांवर जुने मालडबे गंजत उभे होते. भंगारात कापले जाण्याआधी रामटेकेजी टेप आणि वही घेऊन त्यांच्यापाशी जात. लांबी, रुंदी, चाकाचा व्यास, दाराच्या बिजागऱ्या, ब्रेकचा दांडा, डब्याच्या अंगावर पांढऱ्या रंगात लिहिलेलं रिकामं वजन, सगळं त्यांनी उतरवून घेतलं. मग स्टेशनामागच्या घराच्या पडवीत बसून ते त्या डब्यांच्या छोट्या प्रतिकृती बनवू लागले. माप ठरलेलं होतं. खऱ्या डब्याचा एक फूट म्हणजे त्यांचा अर्धा इंच. तेलाच्या पिप्याचा पत्रा, तांब्याची तार, सागाच्या पट्ट्या. रिव्हेट दिसावेत म्हणून पत्र्याच्या मागच्या बाजूने बोथट खिळ्याने एकेक टिंब उठवायचं.

मी बघायला गेले त्या दिवशी त्यांनी एक बंद डबा पुन्हा सुटा केला होता. पाच महिन्यांचं काम. दाराच्या पट्टीवर बारा रिव्हेट हवे होते आणि अकराच उठले होते. मी म्हणाले, एवढं कुणाला दिसणार आहे? ते कानस पुसत शांतपणे म्हणाले, "दिसन का नाई थे वेगळं. डब्याले बारा होते."

रंगाच्या बाबतीतही तसंच. नवा कोरा लाल रंग त्यांना चालत नसे. डबा शेवटी जसा उभा होता तसाच हवा. गंज असेल तिथे गंज, कुणी धारदार वस्तूने खरवडलं असेल तिथे ओरखडा. असे सात डबे त्यांनी बनवले. सातवा होता भरवेलीच्या खाणीचं मँगनीज वाहणारा उघडा डबा. त्याला चौदा महिने लागले.

हे सगळं मला माहीत होतं, हे आधी सांगून ठेवते. पुढे मी जे केलं ते अजाणतेपणी केलं, असं म्हणायला मला जागा नाही.

आमच्या शाळेचा पंचवीस वर्षांचा सोहळा होता. दहावीपर्यंतच्या शाळेला अकरावी-बारावीची मान्यता मिळावी म्हणून मी तीन वर्षं खेटे घालत होते, आणि ती फाइल ज्या मोठ्या अधिकाऱ्यांकडे होती त्यांनाच मी प्रमुख पाहुणे म्हणून बोलावलं होतं. गावाचा इतिहास सांगणारं एक प्रदर्शन भरवलं. मी स्वतः इतिहासाची शिक्षिका. रामटेकेजींकडे जाऊन त्यांचे डबे मागितले. त्यांनी एका शब्दाने होकार दिला, सातही डबे स्वतः आणून मांडले. त्यांचा सत्कार करायचंही ठरलं होतं. कार्यक्रमपत्रिकेत अकराव्या क्रमांकावर त्यांचं नाव होतं.

पाहुण्यांनी प्रदर्शन पाहिलं. मँगनीजच्या डब्यापाशी ते थांबले, तो हातात घेतला, बोटाने चाक फिरवलं आणि हसून म्हणाले, "ये तो हमारे ड्रॉइंग रूम में होना चाहिए." सगळे हसले. मीही हसले. त्याच वेळी आमचे एक शिक्षक माझ्या कानाशी येऊन म्हणाले की पाहुण्यांना द्यायचं मानचिन्ह आलं आहे, पण त्यावर त्यांचं नाव चुकीचं कोरलं आहे.

विचार करायला मला अर्धा तास होता. त्या अर्ध्या तासात रामटेकेजी तिसऱ्या रांगेत, पांढऱ्या शर्टात, माझ्यापासून वीस पावलांवर बसले होते. मी उठून त्यांच्याकडे गेले नाही. शिपायाला सांगून डबा मंचावर मागवला, त्याला रेशमी फीत बांधली आणि माइकवर म्हणाले की शाळेकडून ही छोटीशी भेट. बनवणाऱ्याचं नाव घेतलं नाही. नाव घेतलं असतं तर सगळ्यांनी मागे वळून त्यांच्याकडे पाहिलं असतं, आणि मलाही पाहावं लागलं असतं.

टाळ्या झाल्या. रामटेकेजीही टाळ्या वाजवत होते. सगळे थांबल्यावर त्यांचे हात थोडा वेळ तसेच जुळलेले राहिले. मग पाहुण्यांना निघायची घाई झाली, कार्यक्रम आवरता घेतला आणि अकरावा क्रमांक आलाच नाही. नंतर त्यांनी उरलेले सहा डबे कापसात गुंडाळून स्वतः भरले. चहा घेऊन जा, असा निरोप मी शिपायाकडून पाठवला. ते चहा न घेता गेले.

तिसऱ्या दिवशी मी शाल आणि नारळ घेऊन त्यांच्या घरी गेले. त्यांची मुलगी हेमलता, सरकारी दवाखान्यात नर्स, तिने दार उघडलं आणि आत निघून गेली. रामटेकेजींनी माझ्यासाठी खुर्ची ओढली, खाली वाकून पाहिली, मग बसा म्हणाले. मी बोलत सुटले. तुमची कला आता किती मोठ्या घरी गेली, किती लोक बघतील, मानचिन्हाचा कसा घोळ झाला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"मॅडम," ते म्हणाले, "तुमी मले विचारलं असतं त मी नाई म्हटलं असतं. तुमाले थे माहीत होतं. म्हणूनच तुमी विचारलं नाई."

मग त्यांनी त्या डब्याबद्दल सांगितलं. आवाजात तक्रार नव्हती. एखाद्या नव्या माणसाला काम समजावून सांगावं तसं ते बोलत होते. त्यांची आई खाणीच्या सायडिंगवर, आडबाजूच्या रुळांवर, मँगनीज भरायच्या कामाला होती. डब्याची वरची कड जमिनीपासून बरोबर सहा फूट, आणि आई पावणेपाच फुटांची. चढायला फळी सगळ्या बायांना मिळत नसे. डोक्यावरची टोपली दोन्ही हातांनी आणखी वर उचलायची आणि कडेवरून आत लोटायची, दिवसभर.

"लहानपणी मले समजे नाई, डबा उंच आहे का माय बुटकी. नोकरीत लागलो तवा पह्यले तो डबा मोजला. मंग घरी येऊन मायले मोजलं. माय हसे, म्हणे काहून मोजून राह्यला. बाकीचे सहा डबे रेल्वेचे. तो एक मायचा होता."

मी शाल तशीच मांडीवर धरून बसले होते. उठताना म्हणाले, मी तो परत आणून देते. त्यांनी नुसती मान हलवली.

आणि मी तो आणला नाही. एक पत्र, एक फोन, एवढंच करायचं होतं. पण फाइल अजून साहेबांच्या टेबलावर होती, आणि दिलेली भेट परत मागितली तर साहेब दुखावतील, मग मुलींच्या अकरावीचं काय, असं मी स्वतःला समजावत राहिले. रामटेकेजी रोज नातीला घ्यायला फाटकाशी येत. ते कधीच काही विचारत नसत. मीच शाळा सुटायच्या वेळी मागच्या दाराने घरी जायला लागले.

त्या दिवसांत एक प्रश्न मला सारखा छळत असे. तोच डबा आमच्या कॉलनीतल्या डॉक्टरसाहेबांनी बनवला असता तर मी तो असा उचलून दिला असता का? नसता दिला. आधी त्यांच्या घरी जाऊन, हात जोडून विचारलं असतं. रामटेकेजींच्या बाबतीत मी धरून चालले होते की यांना यात मानच वाटेल. हे धरून चालणं कुठून येतं, ते शेतकऱ्याच्या घरात, गावात वाढलेल्या माझ्यासारखीला कुणी समजावून सांगायची गरज नाही. वर्गात मी समतेवर धडे शिकवत होते.

सात महिन्यांनी मान्यता आली. शाळेत पेढे वाटले. दुसऱ्या दिवशी सकाळी रामटेकेजी ऑफिसात आले. म्हणाले, "फाइल झाली म्हणतेत. चांगलं झालं. पोरींले आता गावातच शिकता येईन." मी मान खाली घालून आभार मानले. जाता जाता दारात थांबून त्यांनी अगदी हळू विचारलं, "आता विचारता येते न, मॅडम?"

ते सगळं समजून होते. माझी फाइल बिघडू नये म्हणून तेही सात महिने गप्प बसले होते.

मी लगेच फोन लावला. साहेबांची बदली झाली होती. त्यांच्या पत्नीने नव्या गावाहून फोन घेतला, फार गोड बोलल्या. हो, ती गाडी आठवते, मुलांनी खेळता खेळता तिचं एक चाक काढलं होतं, सामान बांधताना जुन्या वस्तूंबरोबर कबाडवाल्याला देऊन टाकली. त्यांना आधीचं गाव सोडून तीन आठवडे झाले होते. फंक्शनच्या दुसऱ्या आठवड्यात मी फोन केला असता तर डबा मिळाला असता.

संध्याकाळी मी त्यांच्या घरी जाऊन जे ऐकलं ते जसंच्या तसं सांगितलं. खोटं बोलायचं वाटेत दोनदा मनात आलं होतं. रामटेकेजी पडवीत बसले होते. ऐकून ते म्हणाले, "कोणतं चाक?"

मी म्हणाले, विचारलं नाही.

"निसटलं का तुटलं?"

तेही मला माहीत नव्हतं. ते म्हणाले, "विचारा लागत होतं," आणि हेमलताला चहा ठेवायला सांगितला. तेव्हाही मला गप्प राहवलं नाही. मी म्हणाले की तुम्ही नवीन बनवा, लागेल ते सामान शाळा देईल. त्यांनी उजवा हात माझ्यापुढे धरला. बोटं थरथरत होती. "माप वहीत आहे," ते म्हणाले. "हात सिक झाले."

त्यानंतर अडीच वर्षं ते होते. माझ्याशी पूर्वीसारखंच बोलत, हवापाण्याचं, नातीच्या अभ्यासाचं. डब्याचा विषय त्यांनी पुन्हा काढला नाही आणि माझी काढायची हिंमत झाली नाही. त्यांची नात आमच्याच शाळेत अकरावीत गेली. त्याच हिवाळ्यात छातीच्या दुखण्याने ते गेले. पुण्यानुमोदनाच्या बौद्ध विधीला मी गेले, मागे उभी राहिले. रेल्वेतले कितीतरी जुने लोक आले होते. प्रत्येकाकडे त्यांची एक तरी आठवण होती. माझ्याकडेही होती, पण मी बोलायला उठले नाही.

पंधरा दिवसांनी हेमलता शाळेत आली. सहा खोकी तिने माझ्या टेबलावर ठेवली. म्हणाली, बाबांनी लिहून ठेवलं आहे की डबे शाळेला द्यायचे. मी म्हणाले, मी हे कोणत्या तोंडाने घेऊ? ती म्हणाली, "तुमाले नाई, मॅडम. शाळेले." आणि तिने एक कागद पुढे केला. पोच हवी होती.

कागदावर त्यांच्या अक्षरात सात नोंदी होत्या, तपासणीच्या अहवालात असतात तशा. डब्याचा प्रकार, शेवटी कुठे उभा होता, मापं, काम किती महिने चाललं, आज स्थिती काय. सहा डब्यांपुढे लिहिलं होतं, ठीक. सातव्याची मापंही पूर्ण होती, उंची तीन इंच. स्थितीच्या रकान्यात आधी लिहिलं होतं, 'शाळेने न विचारता दिला, परत आला नाही.' मग त्यांना ते बरोबर वाटलं नसावं. 'शाळेने' हा शब्द एका सरळ रेघेने खोडून त्याच्या वर, थरथरत्या पण स्वच्छ अक्षरात लिहिलं होतं, 'मॅडमनी.'

मी दोनदा वाचलं. खाली सही केली. हेमलताने कागद उचलला, पाहिला आणि पुन्हा माझ्यापुढे ठेवला.

"तारीख टाका," ती म्हणाली. मी तारीख टाकली.