रोज एक खून करणारे कादरसर

कादरसर गेल्याची बातमी माझ्या मेव्हण्यानं आणली आणि मी त्याच्या कानाखाली जाळ काढला. सोनाळ्याच्या रस्त्यावर रानडुक्कर आडवं आलं, मोटारसायकल उलटली, सर जागीच गेले... एवढं तो बोलला, तोवर माझा हात उठला होता. आयुष्यात माझा नेम बरोबर लागला तो तेवढाच. बिचारा गाल चोळत म्हणाला, "भाऊजी, मले काऊन मारता? मी डुक्कर हाये का?" याला महिना उलटला, मेव्हणा अजून माझ्या हाताच्या टप्प्यात बसत नाही.

वरवट बकालच्या आमच्या शाळेत ते विज्ञान शिकवायचे, मी मराठी. शाळा मोबाइलवर भरायला लागली त्या वर्षी पोरं यायची आणि माझं तोंड पाहून जायची. एकदा मी डोळे मिटून सबंध कविता गळा काढून गायलो. डोळे उघडले तर माझा आवाजच बंद होता आणि वर्गात एकटी पूजा उरली होती. "सर, तुम्ही रडून राह्यले का?" तिनं विचारलं.

कादरसरांच्या तासाला मात्र कापूस वेचायला गेलेली पोरंही शेतातून हजर, कारण तिथं रोज खून व्हायचा. अळी लागणारच नाही म्हणून गावानं महागाचं बीटी बियाणं पेरलं होतं आणि बोंडाबोंडात गुलाबी अळी बसली होती. ज्याच्या शेतातली अळी सगळ्यात मोठी, त्याचा त्या दिवशी मान. पोरगं कॅमेऱ्यासमोर बोंड फोडायचं, अळी कुठून शिरली, काय खाल्लं, कधी तिचा पतंग झाला असता, सगळं सांगायचं, आणि मग सर गरजायचे, "बोला, काय शिक्षा?" सगळा वर्ग ओरडायचा, "ठेचा!" त्या आरोळीत विज्ञान किती आणि घरोघरचा राग किती, कोण जाणे... मी म्हणायचो, सर, हे फार हिंसक होतंय. त्यावर ते म्हणायचे, "मराठीवाले, तुमच्या तासाले तर पोरं जित्तीच मरून राह्यली बे!"

मग एक दिवस पूजा दिसेनाशी झाली. वेचलेल्या कापसाच्या ओटीत मोबाइल लपवून ती तास ऐकायची. तिच्या बापानं, रामदासभाऊनं, ते पाहिलं, मोबाइल दगडावर आपटला, तिला बदडलं आणि शाळा बंद म्हणून जाहीर केलं. कादरसरांनी मला मोटारसायकलवर मागं घातलं आणि थेट त्याचं शेत गाठलं.

"रामदास, पोरीले काऊन मारलं?"

"माही पोरगी, माहा कापूस! अर्धा अळीनं खाल्ला, उरलेला तुमी खा!" म्हणत त्यानं सरांची गचांडीच धरली. दोघं कापसात आडवे झाले. वर कोण, खाली कोण, कळेना... आणि मला शौर्य आलं. बांधावर पऱ्हाटी, म्हणजे कापसाचं वाळकं झाड, पडली होती. ती उचलून मी रामदासभाऊच्या पाठीत हाणली. बसली ती कादरसरांच्या कपाळावर. रक्ताची धार लागली. भांडण तिथंच थांबलं. रामदासभाऊनं मूठभर कापूस जखमेवर दाबला आणि माझ्याकडे पाहून म्हणाला, "गुरुजी, जीव घेता का माणसाचा?"

दुसऱ्या दिवशी सर कपाळाला पट्टी बांधून पडद्यावर आले. "सर, कोणं मारलं?" पोरांचा गलका. "अळीनं," सर म्हणाले. माझी अब्रू राखली म्हणून मी मनात त्यांचे पाय धरले. तेवढ्यात शेजाऱ्याच्या मोबाइलवरून पूजा दिसली, मागं रामदासभाऊ. "मास्तर, आज मले मारू द्या," तो म्हणाला. त्यानं अळी दगडावर ठेवून दुसऱ्या दगडानं ठेचली. ती पहिल्याच घावाला संपली होती. तो हाणतच राहिला... हाणतच राहिला. त्या दिवशी कुणी ओरडलं नाही. शेवटी पूजानं त्याचा हात धरला. "बाबा, मेली ना ते." धापा टाकत तो एवढंच म्हणाला, "शिकवा तिले." ती पुढं एकही तास चुकली नाही.

शाळा उघडल्यावर सरांनी ती पऱ्हाटी फळ्याशेजारी खिळ्याला टांगली. पोरांवर ती कधीच उठली नाही. आता त्यांचा तास माझ्याकडे आलाय. परवा एकानं बोंड आणलं, अळी टेबलावर ठेवली आणि सगळे माझ्या तोंडाकडे पाहू लागले. मी पऱ्हाटी काढून उगारली मात्र... सगळा वर्ग एका झटक्यात बाकांखाली गेला! त्या साली ही पोरं बालवाडीत होती. म्हणजे कादरसर दरवर्षी नव्या वर्गाला माझ्या नेमाची गोष्ट सांगत होते. अब्रू राखली म्हणे!

बाकांखालून पोरं हसत होती. मी बराच वेळ पऱ्हाटी तशीच उगारून उभा राहिलो.