गोड्या पाण्याचा ड्रम

फजितीच ऐकायची आहे ना? मग हीच सांगतो, कारण हिच्यात माझ्या बाजूने बोलणारं कुणीच नाही.

डेंग्यू-मलेरियाच्या डासांवर संशोधन, हे माझं पोटापाण्याचं काम. अमरावतीहून निघायचं, भातकुलीकडच्या गावांत घरोघरी रांजण-ड्रमांत डोकावायचं, डासांच्या अळ्या शोधायच्या. सापडल्या की चार लोक जमवून ते पाणी अंगणात ओतायचं. उन्हात तडफडणाऱ्या अळ्या बघितल्या की लोकांना पटतं. निदान मला तसं वाटायचं.

त्या दिवशी निर्मलामावशींच्या अंगणात एक निळा ड्रम दिसला. मावशी वावरात गेलेल्या, त्यांचे यजमान नामदेवकाका ओसरीत बाजेवर पडलेले. ड्रम उघडा, आत अळ्या मनसोक्त पोहताहेत! मला तर आनंदच झाला. हो, आमच्या कामात आनंद असाच होतो, काय करणार?

शेजारपाजारचे जमले. मी भाषण सुरू केलं. काका बाजेवरून हात हलवत म्हणाले, "साहेब, थ्या ड्रमले हात नका लावू."

म्हातारा अळ्यांना घाबरला, असं मला वाटलं. "काका, मी आहे ना," असं म्हणून मी ड्रम सरळ आडवा केला.

काका उठायला गेले, पण त्यांना उठवेना. लोक एकदम गप्प झाले. मी समजलो, भाषण रंगलं. मग काय विचारता! आणखी पाच मिनिटं बोललो.

तेवढ्यात मावशी आल्या. ओली जमीन बघितली आणि तिथंच खाली बसल्या. ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

"बुड्याची किडनी गेली, भाऊ," त्या म्हणाल्या. "बोरचं पाणी खारं. डॉक्टरनं सांगतलं, याले गोडंच पाणी पाजा. नळ आता आठ दिवसानं येते."

हा सगळा पट्टाच खाऱ्या पाण्याचा. मला माहीत नव्हतं का? चांगलं माहीत होतं. पण ड्रमात मला फक्त अळ्या दिसल्या, पाणी दिसलंच नाही. मी चाचरत म्हणालो, मावशी, पण त्यात अळ्या होत्या.

"मंग? फडक्यानं गाळून, उकळूनच पाजत होती ना मी त्याले."

पीएच.डी. आहे हो माझी! एवढं शिकलो, आणि एक साधं फडकं सुचलं नाही. इतकी लाज मला आयुष्यात कधी वाटली नव्हती.

शेजारणींनी आपल्या घरचं एकेक गुंड, म्हणजे हंडाभर, पाणी आणून दिलं, आणि त्यांच्याकडे तरी कुठं जास्त होतं? पुढचे आठ दिवस मी रोज सकाळी अमरावतीहून दोन कॅन भरून नेत होतो. कॅन ठेवला की काका बाजेवरून विचारायचे, साहेब, हे त नाही ना सांडत? मी खाली मान घालून नाही म्हणायचो.

महिन्याभराने पुन्हा तपासणीला गेलो. बघतो तर काय, प्रत्येक ड्रमावर घट्ट झाकण, झाकणावर दगड! गावात एक अळी सापडली तर शपथ. झाकण लावा, झाकण लावा, म्हणून मी वर्षभर घसा कोरडा केला होता. मी खुशीत मावशींना म्हणालो, शेवटी माझं बोलणं पटलं म्हणायचं.

मावशींनी दगडावरचा हात काही काढला नाही.

"मच्छरासाठी नाही लावलं, भाऊ," त्या म्हणाल्या. "तुमच्यासाठी लावलं."