डाळीपुरतं पाणी

"डाळ शिजली का?"

आमच्या शेजारच्या सिस्टरबाई कुणालाही फाटकाशी गाठून आधी हेच विचारायच्या. कसे आहात, कुठं निघालात, काही नाही. दूधवाल्याला, सिलिंडर आणणाऱ्याला, नव्या भाडेकरूला, सगळ्यांना एकच प्रश्न. आणि विचारताना अंगठा नि बोट जुळवून हवेतच डाळीचा दाणा दाबून पाहायच्या. नवख्या माणसाला वाटायचं, बाईंचं डोकं जरा सरकलेलं आहे. आठवडाभर आमच्या वसाहतीत राहिला की तोच आपण होऊन थांबायचा आणि सांगायचा, "नाही शिजली हो सिस्टरबाई."

ज्यांच्या गावात जड पाणी आहे त्यांना वेगळं सांगायला नको. वाशीमला रिसोड रस्त्याच्या अंगाला आमची वसाहत. नळाला येतं ते बोरचं. बादलीच्या काठाला पांढरं कडं धरतं, आरशावर ठिपके पडतात, गिझरची कॉइल बाहेर काढली तर चुनखडीचं कणीस निघतं. साबणाला फेस नाही, अंगाला नुसता चिकटा. पांढरे बनियन वर्षभरात चहाच्या रंगाचे होतात. एवढं सगळं माणूस सोसतो. तुरीच्या डाळीपुढे मात्र इलाज नाही. कितीही शिट्ट्या होऊ द्या, दाणा दाण्याला ओळख देत नाही.

सिस्टरबाई सरकारी दवाखान्यातून निवृत्त झालेल्या नर्स. घर बांधताना त्यांनी पोर्चखाली टाकं काढलं आणि छतावरचं पावसाचं पाणी त्यात सोडलं. मिस्त्री म्हणाला होता म्हणे, "एवढा खड्डा कायले बाई? खजिना ठेवता का?"

"हो," त्या म्हणाल्या, "कुलूपबी लावतो."

आणि खरंच लावलं. ते पाणी दोनच कामांना निघायचं, डाळीला आणि पांढऱ्या कपड्यांना. बुद्धपौर्णिमेला त्या पांढरी साडी नेसून विहारात निघाल्या की रस्त्यावरचा प्रत्येक जण आपल्या शर्टाकडे एकदा पाहून घ्यायचा. कुणाकडे जावई आला, बाळंतीण आली, तर तांब्याभर मिळायचं. रोजचं फक्त एकाच घरी जायचं. आमच्या.

त्याचं असं झालं. आई गावाहून आमच्याकडे राहायला आली ती दात पडल्यावर. भाकरी चावेना, सगळी भिस्त वरण-भातावर. तोवर आम्ही दोघं सोडा घालून भागवत होतो. आईला सोडा चवीवरून कळायचा. बिनसोड्याचं वाढलं तर ताट सरकवून विचारायची, "सूनबाई, हे वरण हाय का छर्रे?" माझी बायको माहेरी सुगरण म्हणून नावाजलेली. इथं ती रोज वाढताना मान खाली घालू लागली.

एका सकाळी ती सिस्टरबाईंकडून कळशीभर पाणी घेऊन आली. त्या दिवशी डाळ लोण्यासारखी शिजली. आईनं दुसऱ्यांदा भात मागून घेतला.

आता अडचण सांगतो. सिस्टरबाई बौद्ध. आई जुन्या वळणाची. जऊळक्याकडच्या तिच्या खेड्यात पाणवठे वेगळे होते, आणि तिच्या मनात ते अजून वेगळेच होते. गंमत म्हणजे सिस्टरबाईंकडून बी.पी. पाहून घ्यायला तिची हरकत नसे. दंड पुढं करायची, इंजेक्शनसुद्धा टोचून घ्यायची. पाण्याचं तेवढं चालत नव्हतं. बायको म्हणाली, "तुम्ही आईंना सांगून टाका."

मी शाळेत नागरिकशास्त्र शिकवतो. मी म्हणालो, "सांगू, वेळ पाहून. तोवर तू मागच्या भिंतीवरून घेत जा. समोरून नको."

एवढंच बोललो. हे मी आजवर कुणापाशी कबूल केलं नव्हतं, एका माणसापाशी सोडून. त्याबद्दल पुढं येतंच.

बायकोनं कसंबसं ते सिस्टरबाईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, "बरं. पाण्याले काय, कोठूनबी येते." भिंत चांगली खांद्याएवढी, बाई बुटक्या, गुडघे दुखरे. त्यांनी आपल्या बाजूला एक लाकडी स्टूल आणून ठेवलं. रोज सकाळी त्यावर चढायच्या, कळशी भिंतीवर ठेवायच्या, बायको उचलून घ्यायची. मी त्या वेळी न्हाणीत दाढी करत असे. झरोक्यातून स्टुलाची कुरकुर ऐकू यायची. मी नळ मोठा सोडायचो.

संध्याकाळी आई व्हरांड्यात बसली की फाटकातून प्रश्न यायचा, "मावशी, डाळ शिजली का?"

"शिजली ना बाई. आमच्या सुनेच्या हाताले गुण हाय. बाकीच्या बायका उगाच पाण्याले नावं ठेवतात."

"हाय तं. हाताचाच गुण असते." चेहरा अगदी सरळ ठेवून त्या माझ्याकडे वळायच्या. "का हो सर?"

मी पेपरमधून डोकं काढत नसे.

तीन-चार वर्षं असं चाललं. मग एका सकाळी स्टूल कलंडल्याचा आवाज आला. मी अर्ध्या दाढीनिशी मागं पळालो. भिंतीवरून पाहिलं तर त्या खाली बसलेल्या, एका हातानं पाय धरलेला, दुसऱ्या हातानं कळशी मांडीवर उभी. "सांडलं नाई," त्या म्हणाल्या.

हाड मोडलं नव्हतं, पण पाय सुजला आणि डॉक्टरांनी उठायला मनाई केली. दोनच दिवसांत आईच्या ताटात पुन्हा छर्रे. "काहून सूनबाई, हाताले काय झालं?" बायकोनं माझ्याकडे पाहिलं. मी जेवता जेवता उठलो, हात धुतले, कळशी घेतली आणि आईच्या डोळ्यांसमोरून, समोरच्या फाटकानं त्यांच्याकडे गेलो.

त्या पलंगावर पाय उशीवर ठेवून पडल्या होत्या. "सर? समोरून?"

"ते मागच्या भिंतीवरून घ्यायचं... मीच सांगितलं होतं."

"मले माहीत हाय," त्या म्हणाल्या. "तुमच्या बायकोचा सभाव तसा नाई." मग पाय उशीवर सावरत, "उभे काहून? चाय मांडा दोघांचा. मले तं उठता येत नाई. आज टाक्यातल्याच पाण्याचा मांडा."

मी चहा केला. साखर जास्त पडली. तेही त्यांनी सांगितलं.

कळशी घेऊन परतलो तर आई जागची हलली नव्हती. "कोठचं हाय?"

"सिस्टरबाईंच्या टाक्यातलं. डाळ शिजायला लागली तेव्हापासून हेच आहे."

आईनं ताट सरकवलं. संध्याकाळी दूध-भात खाल्ला. दुसऱ्या दिवशीही दूध-भातच. बायकोनं शिजवलेली डाळ झाकलेली तशीच. घरात भांडण नव्हतं, पण भांड्यांचा आवाजही मोठा वाटत होता. तिसऱ्या दिवशी दुपारी आई स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली. "त्या बाईले रांधून कोण देऊन राह्यलं?"

"खानावळीचा डबा येतो," बायको म्हणाली.

"खानावळीत पाणी कोणतं? बोरचंच न?" थोडा वेळ काठी टेकत राहिली. "पाणी तिचं अन् डाळ आपण खावी. तिले चाखू तं द्या. भर डबा."

आई पुढं, आम्ही दोघं मागं, असे आम्ही समोरच्या फाटकानं गेलो. आईनं डबा त्यांच्या पुढ्यात ठेवला. "शिजली हाय. पाहून घे."

सिस्टरबाईंनी एक दाणा अंगठ्या-बोटात धरून दाबला. या खेपेला खराखुरा. मग चमचाभर खाल्लं. "मीठ कमी हाय मावशी."

"तूच तं सांगतलं होतं, मीठ कमी खा म्हणून."

दोघी हसल्या. आईनं तिथं पाणी घेतलं का, असं तुम्ही विचाराल. त्या दिवशी नाही. पुढं कधीतरी घ्यायला लागली. कधी, ते मलाही कळलं नाही.

गेल्या वर्षी गुडघ्यांनी फारच छळलं म्हणून सिस्टरबाई लेकीकडे नागपूरला राहायला गेल्या. टाक्याची किल्ली आईकडे देऊन गेल्या. मला नाही, बायकोलाही नाही. आई ती कमरेला खोचून असते आणि रोज सकाळी बायकोला कळशी समोरून आणायला लावते. नागपूरचा फोन तिलाच येतो. पहिला प्रश्न ठरलेला, आणि आईचं उत्तरही.

स्टूल भिंतीपलीकडे तसंच उन्हात पडलं होतं. परवा ते आत ठेवावं म्हणून मागं गेलो आणि आधी भिंतीवर हात फिरवला, कळशी ठेवली जायची तिथं. आमच्या घरात जिथं म्हणून नळाचं पाणी सांडतं तिथं पांढरा डाग आहे. घासून निघत नाही. इतकी वर्षं रोज ओली कळशी टेकलेल्या त्या जागी मी बोटानं तसा डाग शोधत राहिलो.

"भिंतीवर काय पाहून राह्यला रे?" आईनं मागच्या दारातून विचारलं.

"काही नाही," मी म्हणालो. आणि काही नव्हतंच.