बाईंचा नेम

भिंतीवरच्या खिळ्याला टांगलेलं ते चित्र अजून डोळ्यांसमोरून हलत नाही... दोन भाऊ एकमेकांच्या गळ्यात पडून रडताहेत, आणि कूलरच्या वाऱ्यानं त्यांच्या पायांकडचा कागद सारखा फडफडतो आहे. ओल्या वाळ्याचा वास, बाकांचं तापलेलं लाकूड, बाहेर नागपूरचं मे महिन्यातलं पांढरं ऊन — चर्चमागच्या त्या खोलीत आमची रविवारची शाळा भरायची, आणि एस्तेरबाई आम्हाला शिकवायच्या.

बाई एरवी लकडगंजच्या एका वखारीत टायपिस्ट होत्या. अंगानं काडी, पण शब्दाच्या पक्क्या. त्यांचा एक विलक्षण नेम होता: बायबलमधलं जे वचन आठवडाभर स्वतःला पाळता आलं नाही, ते मुलांना शिकवायचं नाही. तसं झालं की त्या पुस्तक मिटायच्या, "आज मी नापास," म्हणायच्या आणि आमच्याकडून नुसती गाणी म्हणवून घ्यायच्या. पुढच्या रविवारी मात्र पाठ व्हायचाच.

त्या उन्हाळ्यात क्षमेचा पाठ आला आणि भिंतीवरचं त्या पाठाचं, दोन भावांचं चित्र पालटेना. एक रविवार गेला, दुसरा, पाचवा... गाणी म्हणून म्हणून आमचे घसे बसले, आणि मग हळूहळू भीती वाटू लागली. बाईंच्या कामठीला राहणाऱ्या धाकट्या भावानं आजारी आईला घरात ठेवून बाहेरून कुलूप लावलं आणि तो परगावी लग्नाला गेला. परतला तेव्हा आई गेलेली होती. मोठ्यांच्या कुजबुजीतून हे आमच्यापर्यंत पोचलं होतं. बाईंचा चेहरा दर रविवारी अधिकच कोरडा होत चालला. शेवटी चर्चच्या पाळकसाहेबांनी दारातूनच बजावलं, "बाई, परीक्षा तोंडावर आली आहे. येत्या रविवारी पाठ झाला नाही, तर वर्ग दुसऱ्या कोणाला द्यावा लागेल."

आई गेली, भावाशी बोलणं तुटलं; बाईंना आता मागंपुढं कोणी उरलं नव्हतं. आम्हीच त्यांचा गोतावळा. वर्ग गेला तर त्या जगायच्या नाहीत, असं मला अगदी आतून वाटत होतं. मी दहा वर्षांची होते, आणि अतिशहाणी. त्यांचा पदर धरून म्हणाले, "बाई, नुसतं सांगून टाका ना. कोनाले समजते?"

"मले समजते ना, पोरी." मग माझ्याकडे बघून त्या म्हणाल्या, "तू काहून रडून राहिली?"

"तुमी जाल म्हणून."

पुढच्या रविवारी बाईंनी पाठ शिकवला. इतका सुरेख, की मागच्या बाकावरची दांडगी पोरंही गप्प बसली. मला मात्र त्या गोड आवाजाची धास्ती वाटली. बाई चित्राकडे एकदाही वळल्या नव्हत्या. आम्ही सगळे पास झालो, बाईंचा वर्ग राहिला... आणि नेम तेवढा सुटला. पुढं कित्येक वर्षं त्या दर रविवारी न चुकता शिकवत राहिल्या. आपण नापास झाल्याचं त्यांनी पुन्हा कधी सांगितलं नाही. तो नेम मी त्यांच्याकडून हिरावून घेतला, याची मला आजही लाज वाटते.

आता बाई नाहीत. त्यांचा वर्ग माझ्याकडे आहे. गेल्या रविवारी क्षमेचा पाठ होता. सख्ख्या बहिणीशी मी तीन वर्षं बोललेली नाही... तरी पाठ ठरल्या वेळेला शिकवून झाला, मुलांनी वचन घडाघडा म्हणून दाखवलं, आणि मला कोणी काही विचारलं नाही.